शिवणीतली माया

बंबमावशींकडे कपडे शिवायला टाकणाऱ्यांना एक गोष्ट पहिल्याच खेपेला कळते. माप देताना तुमचे दोन्ही हात वर असतील आणि तेवढ्यात समोरच्या बंबाच्या शेडवरचा भोंगा वाजला, तर हात आपले आपण खाली घ्यायचे. "झालं हं, घ्या खाली" असं सांगायला मावशी थांबत नाहीत. त्या तोवर रस्त्याच्या पलीकडे पोचलेल्या असतात. गळ्यात टेप तशीच लोंबत असते, ओठांत धरलेल्या टाचण्या तशाच असतात, आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट चढलेलं असतं. टाचण्या त्या बंबात बसल्यावर ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीत खोचून ठेवतात. म्हणून आमच्या गावचा ड्रायव्हर बंब चालवताना कधी मागे टेकत नाही.

एकदा आमची ही अशीच अडकली. एक बाही टाचलेली, दुसरी टेबलावर, आणि शिवणारीण बंबावर. हिला ना तो ड्रेस उतरवता येईना, ना तशी घरी येता येईना. आतल्या खोलीत मावशींचे यजमान काज करत बसले होते. त्यांना सगळा गाव काका म्हणतो. काकांनी दोरा दातांनी तोडला आणि म्हणाले, "बसा वहिनी. आग केवढी आहे त्यावर तुमची दुसरी बाही अवलंबून आहे."

बंब हा शब्द आपल्या भाषेनं मोठ्या उदारपणे दोघांत वाटून दिलाय. एक बंब न्हाणीघरात पाणी तापवतो आणि दुसरा पेटलेल्या घरावर पाणी ओततो. एकाच्या पोटात विस्तव, दुसऱ्याच्या पोटात पाणी, नाव मात्र एकच. मावशींच्या अंगात हे दोन्ही बंब आहेत असं काकांचं मत आहे. सकाळी चहाला उशीर झाला की पहिला दिसतो, असंही ते म्हणतात. मोठ्यानं म्हणत नाहीत.

मावशी अग्निशमन दलात गेल्या त्या काही सेवेच्या ओढीनं नव्हे. शिलाईच्या कामाला गेल्या. आमचं दल म्हणजे पत्र्याची एक शेड, पाणी भरलेला एक म्हातारा बंब, आणि भोंगा वाजला की हातातलं काम टाकून धावणारी चार माणसं. बंब चालवायचा दूधवाला. तो रोज पहाटे दुधाची गाडी चालवतो, त्यामुळे बंबही तसाच चालवतो, आतलं सांडू नये म्हणून. दुसरा वेल्डर. हा दिवसभर दुकानात ठिणग्या उडवतो आणि भोंगा वाजला की विझवायला येतो. "तू आपला पुरवठादारच आहेस रे," असं मावशी त्याला म्हणतात.

तर एके दिवशी दूधवाल्यानं कॅनव्हासचा फाटका पाइप खांद्यावरून आणून मावशींच्या टेबलावर टाकला. "मावशी, जरा एक टीप मारून द्या. घाई नाही. पुढची आग लागेपर्यंत दिलात तरी चालेल."

मावशींनी एक सोडून दोन टिपा मारल्या. जाड दोरा, मोठी सुई, कडेला दुमड. टीप इतकी सरळ की पाहणाऱ्याला पाइपचा हेवा वाटावा. मग एका गवताच्या गंजीला आग लागली, पाइप लावला, पाणी सोडलं, आणि जिथं जिथं सुई गेली होती तिथं तिथं कारंजं उडालं. गंजी सोडून सगळे भिजले. वेल्डर भिजला, गंजीचा मालक भिजला, बघायला आलेली म्हैस भिजली. गंजी जळून गेली.

दुसऱ्या दिवशी मावशी शेडमध्ये हजर. "माझं काम आजवर कधी परत आलेलं नाही. टीप उसवली कशी?"

"उसवली नाही हो मावशी," वेल्डर म्हणाला. "टीप जागच्या जागी आहे. पाणी भोकातनं गेलं."

एवढं ऐकून कुणीही घरी गेलं असतं. मावशी तिथंच बसल्या. पाइपला सुई लावायची नसते, आतून रबराचं ठिगळ चिकटवायचं असतं, हे त्यांनी कुणाकुणाला विचारून शिकून घेतलं. मग त्यांना प्रश्न पडला, हा मुळात फाटतो का? ते बघायला पुढच्या आगीला त्या बंबात बसून गेल्या. बघतात तर ही मंडळी पाइप दगडांवरून फरफटत नेतायत. "अरे, कापड असं ओढतात का? उचला, खांद्यावर घ्या! तू पुढं हो, तू मध्ये धर!" तोवर दलात कुणी कुणाला हुकूम सोडत नसे. जो तो आपापल्या परीनं ओरडत असे. हुकूम ऐकून सगळ्यांना इतकं बरं वाटलं की पुढच्या वेळी मावशी बसल्याशिवाय दूधवाल्यानं बंब सुरूच केला नाही. त्यांना दलाचं प्रमुख कुणी नेमलं, असं विचाराल तर कुणीच नाही. पाइपनं नेमलं म्हणा.

तेव्हापासून रविवारी सकाळी तुम्ही त्या रस्त्यानं गेलात तर शेडसमोर सगळे पाइप पसरलेले दिसतील आणि मावशी ते ताग्यासारखे गुंडाळताना दिसतील. दर वेळी घडी वेगळ्या जागी पाडायची. "कापड आधी घडीवर मरतं," त्या सांगतात. काका पुसायला मदत करतात. "लग्न ठरताना सांगितलं होतं, मुलीला शिवण येतं," ते एकदा मला म्हणाले, "आग येते हे नव्हतं सांगितलं." पण हे सांगताना ते पाइपचं पितळी तोंड असं चकाचक घासत होते की तक्रार नेमकी कुठं आहे ते कळेना.

मग गाव वाढायला लागलं.

गावाबाहेरच्या टेकडीच्या उतारावर आधी एक घर झालं, मग एक ओळ झाली, मग खाली दिवे लागले की वर दुसरं गाव असल्यासारखं दिसायला लागलं. शहरातून माणसं आली. चांगली माणसं. त्यांच्यामुळे मावशींच्या दुकानात पडद्यांची कामं वाढली. नव्या घराला आधी पडदे लागतात आणि मग बाकी सगळं सुचतं. त्यामुळे उतारावरच्या प्रत्येक खिडकीचं माप मावशींना पाठ होतं. वाढलं नाही ते एकच. शेडमधला बंब होता तोच राहिला, आणि पाइप होता तेवढाच.

उतारावरच्या वरच्या ओळीत शाळेतल्या चित्रकलेच्या बाई राहायच्या. दुपारी त्या शाळेत असताना स्वयंपाकघरातल्या वायरीनं पेट घेतला. भोंगा वाजला, बंब निघाला, आणि वरच्या वळणावर अडला. वळण अरुंद, बंब लांब. पुढं जाईना, मागे घेता येईना. मावशींनी तिथंच पाइप सोडायला लावला. एकाला एक जोडत सगळे पाइप संपले. घर समोर होतं. पाणी अंगणापर्यंत गेलं, झाडं भिजली, पायरी भिजली.

"अजून जोडा!" मावशी ओरडल्या.

"संपला, मावशी," वेल्डर म्हणाला.

बाई शाळेतून धावत आल्या तेव्हा छप्पर खाली बसलं होतं. माणूस कुणी आत नव्हतं, एवढंच नशीब. शेजाऱ्यांनी दारातून हात घालून जे हाताला लागलं ते ओढून काढलं होतं. ती एक छत्री होती. बाई ती छत्री घेऊन, उन्हात, न उघडता, कठड्यावर बसून राहिल्या.

मावशी दुकानात येऊन मशीनसमोर बसल्या. मी माझी पँट टाकायला गेलो होतो. मी काहीतरी समजुतीचं बोललो. "तुमचा काय दोष हो?" वगैरे.

"भावजी," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं लोकांनी मला कापड आणून दिलं. कुणाला कधी कमी पडलं म्हणून सांगितलं नाही. कमी आहे असं वाटलं तर आधीच सांगते, कात्री लावायच्या आधी. आज पाइप दीड पडदा कमी पडला. त्या बाईचे पडदे मीच शिवले होते."

त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. पाइप पुन्हा कमी पडता कामा नये. उताराला स्वतःचा बंब पाहिजे, वळणावर वळेल असा छोटा, आणि वरच्या शेवटच्या घरापर्यंत पोचेल एवढा पाइप.

जिल्ह्याच्या कचेरीत त्या गेल्या. तिथल्या साहेबांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि सांगितलं की तुमच्या गावाला एक बंब आधीच दिलेला आहे. तो केव्हा दिला आणि तेव्हा गाव केवढं होतं, हे मावशींनी सांगितलं. साहेबांना पटलं. पण पैशाची तरतूद करायची तर ती गावानं करायची, असं ते म्हणाले. दुसऱ्या गावांनी काय केलं? काही गावं नव्या बांधकामावर एकदाच शुल्क घेतात, साहेब म्हणाले. जे घर वाढीत भर घालतं, त्यानं त्या वाढीला लागणाऱ्या बंबाचा वाटा उचलायचा. घर मोठं तर वाटा मोठा.

मावशी येताना बसमध्ये हा विचार उलटासुलटा करून बघत आल्या, आणि गावात उतरता उतरता हसल्या. हे तर त्या जन्मभर करत आल्या होत्या.

गावसभा भरली. मी जरा उशिरा पोचलो आणि दारातच थबकलो. समोर टेबलामागे मावशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात माझी पँट होती.

"ही कुणाची आहे ते मी सांगणार नाही," मावशी म्हणाल्या. सगळी सभा वळून माझ्याकडे बघायला लागली.

त्यांनी पँट उलटी केली आणि मागची शिवण वर धरली. "ही मी पहिल्यांदा शिवली तेव्हा शिवणीत एवढी माया, म्हणजे जादा कापड, ठेवली होती. गिऱ्हाईक म्हणालं, कशाला कापड वाया घालवता? मी म्हटलं, असू द्या. मग ही बघा, इथं एकदा माया सोडवली. ही जुनी टीप. मग इथं परत सोडवली. ही दुसरी."

"आणि यंदा?" मागून कुणीतरी विचारलं.

"यंदाचं दाखवत नाही. माणूस उभा आहे दारात."

हशा ओसरायला बराच वेळ लागला. मी त्यात सामील झालो. दुसरा इलाज नव्हता.

"गावाचंही पोट सुटलंय," मावशी पुढं म्हणाल्या. "वाईट नाही. वाढत्या अंगाचं लक्षण आहे ते. पण आपण शिवणीत माया ठेवलीच नाही. म्हणून बाईंच्या दारात पाइप संपला. आता नवं कापड जो जोडील, त्यानं जोडतानाच माया सोडायची. घर मोठं, माया मोठी. घर लहान, माया लहान. एकदाच. त्यातनं उतारासाठी बंब यायचा."

शुल्क हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. मुद्दामच. शुल्क म्हटलं की माणसांचे हात खिशाकडे जातात, वर जात नाहीत, असं त्या मला नंतर म्हणाल्या. माया म्हटल्यावर सगळे हात वर गेले. गावातले सगळ्यात वडीलधारे आबा, जे ठरावांना झोपेतून उठून विरोध करतात, त्यांनीही जागेपणी हात वर केला.

आता आमच्या गावसभेच्या सचिवांबद्दल सांगायला हवं. अत्यंत सरळ माणूस. जे बोललं जाईल ते लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, हा त्यांचा बाणा. त्यांच्या जुन्या इतिवृत्तात "चहा आला. चहा गार होता. सभापतींनी तसे सांगितले" असं एक वाक्य आहे. तेव्हा त्यांनी सुवाच्य अक्षरात ठराव लिहिला : गावात होणाऱ्या प्रत्येक नव्या बांधकामाने, आकारमानाच्या प्रमाणात, अग्निशमन बंबासाठी माया सोडावी. त्याखाली सह्या झाल्या, शिक्का बसला, आणि एक प्रत उतारावरची सगळ्यात मोठी वसाहत बांधणाऱ्या बिल्डरला गेली. त्याला सगळे शेठ म्हणतात. तो त्या दिवशी सभेला नव्हता.

काही आठवड्यांनी शेठचा माणूस एक लिफाफा घेऊन आला. त्यात पैसे नव्हते. फोटो होता. उतारावरच्या नव्या घरांच्या कडेनं मोकळ्या जमिनीचा एक लांब पट्टा सोडलेला, त्यावर खडी अंथरलेली, दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाचे दगड. सोबत दोन ओळी : ठरावाप्रमाणे बंबासाठी माया सोडली आहे. कळावे.

शेडमध्ये आम्ही सगळे तो फोटो बघत होतो. वर पत्रा गळत होता. खाली बादली ठेवली होती. शेडचा तो पत्रा पाऊस आला की नेहमीच गळतो.

"म्हणजे आता?" दूधवाल्यानं विचारलं.

"म्हणजे पैसे नाहीत," वेल्डर म्हणाला. "शेठनं दिले नाहीत तर बाकीचे कशाला देतील? अन् ठरावात पैसा हा शब्दच नाही."

सचिव बिचारे घामाघूम झाले होते. "मावशी, तुम्ही जे म्हणालात तेच लिहिलं हो मी. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही."

"तुमचं काही चुकलं नाही," मावशी म्हणाल्या. "मीच फार गोड शिवलं."

परत सभा घ्यायची आणि सरळ शुल्क म्हणायचं, एवढाच मार्ग होता. पण ही बातमी गावात फिरली आणि हवा बदलली. आबा चौकात म्हणाले, "मी मायेला हात वर केला होता. शुल्काला नाही." ज्यांचे मुलगे घर बांधणार होते ते गप्प झाले. शेठचा माणूस सांगत फिरत होता की शेठनं एकदा दिलं, आता परत मागतात. दोनदा मागणाऱ्याला कुणी हात वर करत नाही. सभा हातची गेली तर बंब गेला, आणि उतारावरच्या वरच्या ओळीत तर अजून घरं होतच होती.

सभेच्या आदल्या दिवशी मावशी दुकान काकांवर टाकून एकट्या उतारावर गेल्या. मला वाटलं भांडायला गेल्या. म्हणून मी मागोमाग गेलो. बघतो तर पट्ट्यावर ओणव्या होऊन टेप लावतायत आणि शेठकडची इंजिनिअर बाई टेपचं दुसरं टोक धरून उभी. कालपरवा शिकून आलेली मुलगी.

"किती सोडलंयस गं हे?" मावशी.

"तुमच्या बंबाची रुंदी, आणि दोन्हीकडचे दरवाजे उघडून उतरता येईल एवढं वर."

"बंब मोजलास केव्हा?"

"तुम्ही माझ्या कुर्त्याचं माप घेत होतात तेव्हा भोंगा वाजला ना? तुम्ही परत येईपर्यंत मला दुसरं कामच नव्हतं. आल्यावर बंब मोजला." मग ती जरा घाबरत म्हणाली, "मावशी, मी खरंच चुकले का? माझी आई शिवते. तिच्याकडनं एवढंच माहीत, की माया म्हणजे कडेनं सोडलेली जागा. शेठना मी तसंच सांगितलं. ते फार खूश झाले."

"होणारच," मावशी म्हणाल्या. त्या चालत पट्ट्याच्या टोकाला गेल्या. तिथं मुलीनं खडीचं मोठं गोल मैदान सोडलं होतं. "आणि हे?"

"बंबाला वळायला. वरच्या वळणावर अडला होता ना. म्हणून पट्टा मी खालच्या मोठ्या रस्त्यापासून सरळ वर आणलाय. ते वळण लागतच नाही."

मावशींनी त्या गोलाला एक फेरी घातली. मग मला म्हणाल्या, "भावजी, मी इतकी वर्षं पाइप लांबवायचा विचार करत होते. घर जवळ आणायचा विचार या मुलीनं केला." आणि त्यांनी त्या मुलीच्या गालावरून हात फिरवला, खडूचा पांढरा पट्टा उमटवत.

सभेला उभं राहायला जागा नव्हती. शेठ या वेळी स्वतः आले होते, पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून. मावशींनी सुरुवातच केली, "आज मी शुल्क म्हणणार आहे. गेल्या वेळी म्हणाले नाही, ती माझी चूक."

लगेच आबा उठले. "माझा नातू घर बांधणार. जन्म इथला, पणजा इथला. त्यानंही द्यायचं?"

"द्यायचं, आबा. तो काय घर पाण्याचं बांधणार आहे?"

"मग जुनी घरं का नाही देत?"

"जुन्या घरांपुरता जुना बंब आहेच. तो उभा आहे शेडमध्ये, गळतोय तो पत्रा, बंब नाही. नवा बंब नव्या वाढीला लागतोय, तेव्हा वाढीनं द्यायचा. आणि यातला एक पैसाही जुन्या कामाला लागणार नाही, हे मी लिहून देते."

मग एक हात वर गेला. चित्रकलेच्या बाई होत्या. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "मी त्याच जागेवर घर परत बांधतेय. मला भरावं लागेल का?"



"तुमचं घर होतंच, बाई," मावशी म्हणाल्या. "ते नवं कापड नाही. तो रफू आहे. रफूला माया लागत नाही."

माझ्या शेजारच्या माणसानं नाक पुसलं. आबा खाली बसले.

आता शेठ उठले. "माझं साधं म्हणणं आहे. तुम्ही माया मागितलीत, मी सोडली. चांगली जमीन सोडली. तिथं दोन घरं बसली असती. आता परत मागता. हा न्याय झाला का?"

"नाही झाला," मावशी म्हणाल्या. शेठ उत्तराची तयारी करून आले होते, पण या उत्तराची नव्हती. "तुम्ही सोडलीत, आणि शिवण सुरेख आहे. मी अशी घातली नसती. म्हणून माझं म्हणणं ऐका. तो पट्टा गावाच्या नावावर करा. टोकाच्या गोलाशी आपण नवी शेड बांधू. जमिनीची जी किंमत ठरेल ती तुमच्या शुल्कातनं वजा. राहील तेवढं भरा. तुमचं एकदाच, सगळ्यांसारखं."

शेठ मनात आकडेमोड करत होते, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "म्हणजे बंब माझ्या वसाहतीच्या शेजारी उभा राहणार?"

"शेजारी म्हणजे काय, दारात."

"जाहिरातीत लिहिता येईल?"

"मोठ्या अक्षरात लिहा."

शेठनी घसा साफ केला आणि सभेकडे वळले. "मंडळी, आयुष्यभर तुम्ही माझ्यामागे म्हणत आलात, शेठनं माया जमवली. मला माहीत आहे कोण कोण म्हणतं. माया सोडली असं आज पहिल्यांदाच ऐकतोय. जरा पचू द्या." आणि पुरतं पचायच्या आधीच त्यांनी हात वर केला.

मग बाकीचे हात गेले. झरझर नाही, गेल्या वेळेसारखे हसत हसत तर नाहीच. एकेक, विचार करून. काहींचे गेलेच नाहीत. आबांचा सगळ्यात शेवटी गेला, अर्धा, कोपरात वाकलेला. सचिवांनी तो विचारून घेतला, "आबा, हा पूर्ण धरू का अर्धा?" "धर पूर्ण," आबा म्हणाले, "खांदा दुखतोय माझा."

"आता माया खोडून शुल्क लिहू ना?" सचिवांनी विचारलं.

"खोडू नका," मावशी म्हणाल्या. "माया, म्हणजे शुल्क, असं लिहा. म्हणजे कुणी जमीन आणून देणार नाही, आणि कुणाला झोंबणारही नाही."

तेव्हापासून आमच्याकडे घराचा पाया घातला की शेजारी विचारतात, "माया भरली का?" बाहेरच्याला वाटतं फार प्रेमळ गाव आहे.

नवा बंब यायला वेळ लागला. तशी माया सावकाशच साठते. पण आला. छोटा, लालभडक, टुणकन वळणारा. दूधवाल्यानं पहिल्यांदा चालवला तेव्हा उतारावरच्या नव्या शेडमध्ये त्याला एकदा पुढं, एकदा मागे घेतलं आणि उतरून त्याच्या बोनेटवर हात ठेवून उभा राहिला. त्याच दिवशी वेल्डरनं विषय काढला. पैसे थोडे शिल्लक आहेत, खालच्या जुन्या शेडचा पत्रा बदलून घेऊ, पत्रा मीच बसवतो, मजुरी नको.

"नाही," मावशी म्हणाल्या.

"अहो, चार पत्रे!"

"सभेत काय म्हणाले मी? जुन्या कामाला नाही. ती माया नव्या शिवणीची आहे. आपला पत्रा आपण बघू."

"कधी?"

"बघू म्हणाले ना."

त्यामुळे आजही पाऊस आला की आमच्या गावात एक दृश्य दिसतं. आग विझवायचं दल गळणाऱ्या पत्र्याखाली बसून बादलीत पाणी गोळा करत असतं. वर उतारावरच्या शेडमध्ये नवा बंब कोरडाठाक उभा असतो. वेल्डर कुरकुर करतो. पण बादली भरली की तीच बादली जुन्या बंबात ओततो, वाया जाऊ देत नाही.

परवा माझी पँट घ्यायला गेलो होतो. मावशी ती माझ्या कमरेशी लावून बघत होत्या, एवढ्यात भोंगा वाजला. उतारावरच्या भोंग्याचा आवाज जरा चढा आहे. मावशी निघाल्या. मी तिथंच, पँट कमरेशी धरून. काका आतून म्हणाले, "बसा. चहा टाकतो." आम्ही चहा प्यायलो. दुसरा टाकला. टेकडीवर थोडा धूर दिसत होता, मग पांढरा झाला, मग दिसेना.

मावशी आल्या. हेल्मेटखाली केस ओले, गळ्यात टेप. वरच्या ओळीतलं शेवटचं घर होतं. स्वयंपाकघरातलं एक कपाट गेलं, बाकी सगळं शाबूत. हे सगळं नंतर वेल्डरनं सांगितलं. मावशी दारात उभ्या राहिल्या आणि काकांकडे बघून एकच शब्द बोलल्या.

"उरला."

"काय?" मी विचारलं.

"पाइप. घर संपलं आणि पाइप उरला. चांगला दोन पडदे उरला."

काकांनी त्यांच्यापुढं कप ठेवला. मावशींनी एक घोट घेतला, हात पुसले, माझ्या हातातून पँट घेतली, उलटी केली आणि मागच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. पार कडेपर्यंत.

"यात मात्र नाही उरली हं, भावजी," त्या म्हणाल्या. "मी सोडायची होती तेवढी सोडली. आता पुढचं तुम्ही बघा."